बिनठसक्याचा माल

“त्याला म्हणावं, पाणी घाल,” आप्पा आईला म्हणाले.

‘तो’ म्हणजे मी. तांब्या घेऊन आप्पांपासून हातभर अंतरावर उभा होतो, पण चार महिने झाले होते, आप्पा माझ्याशी थेट बोलत नव्हते. काय सांगायचं ते आईला सांगायचे आणि आईने नुसतं माझ्याकडे बघायचं. मी तांब्या कलता केला. पाटावर समरजित दाजी बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्यांचा गोरा गुबगुबीत पाय परातीत होता आणि आप्पा तो स्वतःच्या हाताने चोळून धूत होते.

अधिक महिना होता. अधिकात आमच्याकडे लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, नवे कपडे करायचे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे. एवढं सगळीकडे करतात. आमच्या इंगवल्यांच्या घरात त्याहून एक जास्तीचं होतं. जेवणं झाली की सासऱ्याने जावयापुढे विड्याचं तबक धरायचं आणि जावई मागेल ते द्यायचं. नाही म्हणायचं नाही. माझ्या आजोबांनी अशीच एकदा गाभण म्हैस दिली होती. नंतर रिकाम्या गोठ्यात बसून ढसाढसा रडले, पण शब्द मागे घेतला नाही.

दाजी काय मागणार ते मला आठ दिवस आधीच कळलं होतं. ताईच फोनवर कौतुकाने बोलून गेली होती. जयसिंगपुरात आमची तंबाखूची वखार. धंदा बसला होता, आतली गोदामं रिकामी होती, पण रस्त्याकडची पुढची खोली अजून आप्पांच्या बैठकीची होती. तिच्या बरोब्बर समोर ज्युनिअर कॉलेजचं फाटक. दाजींना त्या खोलीत ई-सिगारेटचं दुकान टाकायचं होतं. पुण्यात त्यांचं एक चाललेलंच होतं. सरकारची बंदी यायला तेव्हा अजून वर्ष होतं, त्यामुळे कुणी अडवणारंही नव्हतं.

“आसपासच्या सगळ्या गावांची पोरं त्या कॉलेजात येतात म्हणे,” ताई म्हणाली होती. “ह्यांचं डोकं बघ कसं चालतं!”

चालतं बरं! पायावर पाणी सोडता सोडता मी मनात म्हणत होतो, दाजी, आज तुम्हाला ह्याच घरात आडवं पाडलं नाही तर बापाचं नाव लावणार नाही.

हा राग काही खोलीपुरता नव्हता. मी कबड्डी खेळायचो. चढाईत आमच्या तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी नाही, लोक म्हणायचे. आप्पा स्वतः जुने खेळाडू. मी सहा वर्षांचा असल्यापासून पहाटे मला वखारीच्या अंगणात उभा करायचे आणि दम घालायला लावायचे. एका श्वासात कबड्डी-कबड्डी म्हणत अंगणाला फेऱ्या मारायच्या. “हातपाय काय, म्हशीलाबी असत्यात,” ते म्हणायचे. “चढाई दमावर होती.”

ताईचं लग्न झालं त्या वर्षी मी अकरावी-बारावीच्या मधे होतो. सुट्टीत पुण्याला गेलो. दाजींकडे ई-सिगारेटचं मोठं यंत्र होतं, मुठीएवढं. त्यातून असा ढग सोडायचे की खोलीतला टीव्ही दिसायचा नाही. मला म्हणाले, घे, ओढून बघ. एकच झुरका मारला आणि मी खोकून खोकून हैराण झालो. घशाला कुणी आतून ओरबाडल्यासारखं झालं. यंत्र त्यांच्या हातात परत दिलं.

दाजी खो-खो हसले आणि कपाटातून बारकं काढलं. चपटं, बोटाएवढं.

“हे घे. ह्यात सॉल्टवालं निकोटिन असतं. घशाला लागतच नाही. अरे, सॉल्ट म्हणजे मीठ. मीठ कधी कुणाला चढतं का?”

ओढलं, आणि खरंच लागलं नाही. ना ठसका, ना खवखव. नुसती गोड आंब्याची वाफ. मी दोन्ही यंत्रांत भरायच्या रसाच्या बाटल्या उलटसुलट करून बघितल्या. मोठ्या यंत्रातल्या साध्यावर तीन लिहिलेलं होतं आणि ह्या मिठावर पन्नास. “दाजी, हे तीन आणि पन्नास काय?” असं विचारलंही होतं मी. “कंपनीचा नंबर असतो तो,” म्हणाले. बेशक सांगितलं, तोंडावरची माशी हलू न देता. निकोटिन किती ते सांगणारे आकडे होते ते, हे मला फार उशिरा कळलं.

आता कुणी म्हणेल, तंबाखूच्या वखारीत जन्मलेला तू, तुला एवढं कळू नये? अहो, तिथंच तर घात झाला! आमच्या घरात तंबाखूची पारख ठसक्यावर चालायची. आप्पा चिमूटभर पानात गुंडाळून ओढायचे. ठसका लागला की माल कडक, नाही लागला की नुसतं पाणी. पिढ्यान् पिढ्या असंच. ज्याला ठसका नाही त्यात जोर नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलो होतो. मग ह्या मिठाला मी का घाबरू?

फरक काय ते माझ्या अंगानेच मला शिकवलं, हळूहळू. साधं असतं ते घशात भांडतं. दोन-चार झुरके झाले की घसाच म्हणतो, बास. मीठवालं भांडतच नाही. गुपचूप आत उतरतं, घटकाभरात डोकं हलकं करतं, आणि अर्ध्या तासात परत हाक मारतं. रात्री उशाला, सकाळी अंथरुणातच, सरावाच्या आधी मैदानामागच्या संडासात. दाजी दर महिन्याला कुणाच्या तरी हाती डबी पाठवायचे. मेहुण्याचे लाड!

मग इचलकरंजीला राज्याच्या संघाची निवड चाचणी झाली. आप्पा कडेला खुर्ची टाकून बसले होते, नवा फेटा बांधून. शेवटच्या चढाईत समोर तिघं उरले होते. मी त्यातल्या दोघांना शिवलो, वळलो, मधली रेघ दोन पावलांवर होती, आणि छातीत काहीतरी बंद पडलं. तोंड हलत होतं पण कबड्डी बाहेर येईना. पंचाची शिट्टी वाजली. मी वर बघितलं तर आप्पांची खुर्ची रिकामी होती.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, “तुझ्या पोरानं मेहनत चोरली. दम खोटा बोलत न्हाई.” तेव्हापासून बोलणं बंद. मीही तोंड उघडलं नाही. काय सांगणार होतो? की तुमच्या पोराला व्यसन लागलंय आणि लावणारा तुमचा नारायण आहे? ताईचा संसार होता तिथं. गिळलं सगळं. पण गिळलेलं पचलं मात्र नाही.

तर धोंड्याचं जेवण झालं. पंगतीत दाजींनी धोंड्यांवर चांगला ताव मारला. मी वाढायला होतो, तरी मधेच दोनदा परसात जाऊन आलो. “सारखा कुठं पळतोस रे?” म्हणून ताई खेकसली. हात धुवायला, म्हणालो. मग सगळी सोप्यात, म्हणजे आमच्या पुढच्या लांब खोलीत, येऊन टेकली. आप्पा, माझे चुलते दत्ताकाका, ताई आणि लोडाला टेकून दाजी. आई आत विड्याचं तबक लावत होती. माझ्याकडे तेवढाच वेळ होता.

दाजींनी सवयीने ते मोठं यंत्र काढलं आणि छताला ढग सोडला.

“जावईबापू, ह्यो धूर म्हणायचा का वाफ?” दत्ताकाकांनी विचारलं.

“वाफ, काका. पाण्याची वाफ. काही त्रास नाही.”

मी पुढे सरकलो. आवाज साखरेत घोळून घेतला. “दाजी, पण कॉलेजच्या पोरांच्या खिशात एवढं धूड कुठलं मावायला? त्यांना ते बारकं लागणार. ते दाखवा की आप्पांना.”

दाजी खूश झाले. त्यांना वाटलं, मेहुणा आपली बाजू मांडतोय. पिशवीतून नवी डबी फोडून बारकं बाहेर काढलं. “हे बघा आप्पा, हे सॉल्टवालं. हल्ली हेच जोरात खपतं. घशाला लागतच नाही.”

“बघू, मी एक मारतो,” म्हणत काकांनी हात पुढं केला.

काकांना दमा होता. “काका, तुमी नगा,” मी त्यांचा हात खाली दाबला. “आपल्या वखारीची रीत काय? विकणारा आधी स्वतः ओढणार, मग गिऱ्हाईक. आप्पांनी जन्मभर कुणाला आधी स्वतः ओढल्याशिवाय माल दिला न्हाई.”

हे मी काकांना म्हणालो, पण आप्पांच्या कानासाठी. आप्पांनी मान हलवली. “रीत खरी हाय,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “ओढा जावईबापू. ठसका कसा लागतोय बघू.”

“अहो, हे पोरांचं खेळणं आहे, आप्पा. मी आपला मोठंच वापरतो.”

“म्हणजे तुम्ही हे कधी ओढलंच नाही?” मी अगदी भोळेपणाने विचारलं. “आणि विकता?”

काका हसले. त्या हसण्याने काम केलं. दाजींच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी बारकं ओठांत धरलं आणि आपल्या मोठ्या यंत्राच्या सवयीने छाती फुगेस्तोवर ओढलं. मला हेच हवं होतं. मोठ्यातल्या तीनवर पोसलेला माणूस, पन्नासचा झुरका घागरीने पीत होता.

“लागलं का काय?” आप्पांनी विचारलं.

“छे! पाणी आहे, पाणी.”

“मग ह्यात तंबाखूचं काय न्हाईच,” आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. ह्याच समाधानाने ते पुढची खोली देऊन मोकळे होणार होते.

“एका झुरक्यात पारख होती का, आप्पा तर चार-चार ओढायचे,” मी म्हणालो. “दाजी, नीट सांगा की. मोठ्यातलं आणि ह्यातलं, फरक काय?”

दाजींना बोलायला विषय मिळाला. ते ओढत गेले आणि सांगत गेले. मोठ्यात ढग जास्त, ह्यात कमी. मोठ्यात घसा कळतो, ह्यात कळतसुद्धा नाही. बघा, कळतसुद्धा नाही! परत ओढायचे. घशाने अडवलं असतं तर थांबले असते. घसा गप्प होता, त्यामुळे त्यांना वाटत होतं आत काही जातच नाही.

“अहो, पुरे आता, आत्ताच जेवलाय,” ताई म्हणाली.

“तू गप गं. धंद्याचं चाललंय.”

मी त्यांच्या कपाळाकडे बघत बसलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवसाच्या धोंड्यांपेक्षा ते बघणं मला गोड लागत होतं. थांबवता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण मला वर्षभरात कुणी तो शब्द सांगितला होता का? मी म्हणालो, “अजून एक, दाजी. आंब्याचा वास भारी येतोय.”

आधी उचकी लागली. मग दुसरी. दाजी हसले, “तूप जास्त झालं,” म्हणाले आणि बोलता बोलता थांबले. तोंडाला पाणी सुटलं तसे सारखे आवंढे गिळायला लागले. कपाळावर घामाचे थेंब आले, गोरा रंग पिठासारखा झाला. “पंखा... पंखा लावा जरा,” म्हणाले. पंखा चालूच होता.

“काय होतंय?” आप्पा उठले.

दाजी उठायला गेले आणि पाय त्यांचे राहिले नाहीत. लोडावर आपटले, मग गुडघ्यावर आले, आणि समोर जे होतं त्यात भडाभडा ओकले. समोर वाणाचं ताट होतं. तेहेतीस अनारसे, वर तुपाचा दिवा.

ताई किंचाळली. आई तबक तिथंच टाकून धावत आली. आप्पांनी जावयाला दोन्ही बगलांत धरून आतल्या खोलीतल्या कॉटवर नेलं आणि काका शेजारच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, ते बारकं उचलून उलटसुलट केलं. “निकोटिन चढलंय, सवय नसताना एवढं ओढतात का? उलटी झाली ते बरं झालं. पडून राहू द्या, लक्ष ठेवा,” म्हणाले. आप्पा दारात उभे राहून ऐकत होते.

“पर ठसका तर लागला न्हाई, डॉक्टर,” ते म्हणाले. हे त्यांनी दोनदा विचारलं.

“तेच तर त्याचं वाईट आहे, आप्पा. घसा सावधच करत नाही.”

आप्पा सोप्यात जाऊन बसले. ताई लिंबू पिळायला आत गेली आणि दाजींच्या उशाशी बादली धरून बसायचं काम माझ्याकडे आलं. मी दार लोटलं. दाजी कुशीवर पडले होते, अंगातला नवा सदरा घामाने चिकटला होता, हात थरथरत होते. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

“कसं वाटतंय, नारायण?”

त्यांनी डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. सगळं कळलं. चिडतील, ओरडतील असं मला वाटलं होतं, मी त्याची वाटच बघत होतो. पण त्यांनी माझं मनगट धरलं, बुडणाऱ्याने धरावं तसं.

“दिग्या,” ते कसंबसं म्हणाले, “हे कधी थांबतं रे?”

“तुमचं ना? संध्याकाळपर्यंत थांबेल. तुम्हाला सवय नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, दाजी? तुमचे पाय धुवायच्या आधी मी दोनदा ओढून आलो. पंगत चालू असताना दोनदा. तुम्ही तिकडं ओकत होता आणि मला तुमच्या हातातलं ते बारकं हवं होतं. सगळ्यांच्या देखत हिसकावून घ्यावं असं वाटत होतं. रोज सकाळी सोडतो मी. रोज!” माझा आवाज चढला होता ते मला कळलंच नाही. “इचलकरंजीला तुमच्या मिठानं माझा दम खाल्ला. मीठ कुणाला चढतं का, म्हणाला होता! आणि आता समोरच्या कॉलेजातली सगळी पोरं पाहिजेत होय तुम्हाला?”

दाजींनी माझं मनगट सोडलं. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

दार उघडं होतं. आप्पा उंबऱ्यात उभे होते. हातात विड्याचं तबक होतं, आईने नवीन लावलेलं. रीत पुरी करायला आले असतील, की जावयाची चौकशी करायला, कोण जाणे. त्यांनी किती ऐकलं होतं ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. आता थोबाडीत बसणार म्हणून मी उभा राहिलो.

“दिग्या,” आप्पा म्हणाले.

चार महिन्यांनी माझं नाव त्यांच्या तोंडून आलं.

“जी.”

“दम घाल.”

“आप्पा, आत्ता?”

“घाल म्हणतो न्हवं!”

मी छाती भरून श्वास घेतला आणि सुरू केलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आप्पांनी डोळे मिटून घेतले, वखारीच्या अंगणात मिटायचे तसे. सहाव्या वर्षी त्या अंगणात मी जेवढा दम घालत होतो त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचलो नाही. छातीत तोच दगड बसला, शब्द तुटले, आणि खोकल्याने मी कॉटचा कठडा धरून वाकलो. मागे ताई सरबताचा पेला घेऊन उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला होता.

खोकला संपेपर्यंत आप्पा हलले नाहीत. मग पुढे आले, माझ्या पाठीवर एक हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने तबक कॉटवरच्या माणसापुढे धरलं.

“जावईबापू, विडा घ्या,” ते म्हणाले. “आज नाही म्हणायचा दिवस न्हाई. माझ्या पोराचा दम ऐकला न्हवं तुमी? मागा आता, काय मागायचंय ते.”

दाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आप्पा तबक तसंच धरून उभे राहिले.